विषय हाती येण्याआधी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. बी. ए.ला मराठी घेऊन तो उत्तीर्ण झाला आणि पुढे, आपले पुष्कळ विद्यार्थी जातात तसा, भाषेशी वरकरणी संबंध नसलेल्या व्यवसायात गेला. संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका छोट्या गटात तो काम करतो. निरोपासोबत सोळा शब्दांची आणि वाक्यखंडांची एक यादी होती आणि खाली लिहिले होते, ''मॅडम, यांतला प्रत्येक शब्द किती बाजूंनी वाचता येईल ते सांगाल का? शनिवारी यांतला एक निघणार आहे.''

प्रथम मला हा प्रकार परीक्षेच्या आदल्या रात्री 'काय येईल' हे विचारणाऱ्या मुलांच्या जातीचा वाटला आणि थोडा रागही आला. दोन दिवस मी उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी यादी पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की त्याने 'काय येईल' असे विचारलेलेच नव्हते. 'जे येईल ते कसे वाचावे' असे त्याने विचारले होते. या दोन प्रश्नांमधले अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. खेळरचनेच्या स्पर्धा साहित्याच्या अभ्यासकाला परक्या वाटतील. परंतु त्यांच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राला जुना आहे, आणि आपल्या वर्गांत तो रोज उभा राहतो.

या स्पर्धांना 'गेम जॅम' म्हणतात. शब्द जॅझ संगीतातून आलेला. ठरीव कार्यक्रमावाचून वादक एकत्र बसतात आणि परस्परांना ऐकत वाजवत जातात, ती बैठक म्हणजे जॅम. मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे क्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इंडी गेम जॅम' भरवला. तेथे सर्वांना दिले गेले ते एक तांत्रिक साधन होते. पडद्यावर एकाच वेळी लाखभर आकृत्या हलवू शकणारी आज्ञावली हाती देऊन 'यातून काय सुचते ते करा' असे सांगण्यात आले. त्याच वर्षी जेफ हाउलंड याने 'लुडुम डारे' ही स्पर्धा सुरू केली. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'खेळ देणे'. तिच्या प्रमुख प्रकारात एकट्याने अठ्ठेचाळीस तासांत खेळ पूर्ण करायचा. आज्ञावली, चित्रे, ध्वनी, सारे त्याच मुदतीत निर्माण झालेले हवे. आणि खेळ त्या फेरीच्या विषयाला धरून हवा. २००९ च्या जानेवारीअखेर सुरू झालेला 'ग्लोबल गेम जॅम' हा याच कुळातला. जगभरच्या ठिकाणी एकाच सप्ताहान्ताला माणसे जमत आणि विषय तेथेच प्रथम कळे. २०१२ साली विषय म्हणून आपली शेपटी गिळणाऱ्या सर्पाचे चित्र देण्यात आले होते, तर २०१३ साली हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवण्यात आला होता. शब्दाविना विषय देण्याची ही कल्पना मला फार आवडते.

'लुडुम डारे'ची रीत मात्र निराळी. तेथे सहभागी लोकच विषय सुचवीत, त्यांवर मतदानाच्या फेऱ्या होत आणि शेवटच्या फेरीत उरलेल्या विषयांची यादी सर्वांना आधीच ठाऊक असे. त्यांपैकी कोणता निवडला गेला हे मात्र घड्याळ सुरू होतानाच कळे. माझ्या विद्यार्थ्याची स्पर्धाही याच पद्धतीची होती. अशा स्पर्धेत यादी आणि घोषणा यांच्यामध्ये एक विलक्षण मोकळा काळ निर्माण होतो. विषय माहीत आहे आणि माहीत नाहीही. या काळात काय करावे? प्रत्येक संभाव्य विषयासाठी एकेक कल्पना तयार ठेवावी, की मन कोरे ठेवून बसावे?

यावर दोन मते हिरिरीने मांडली जातात. पहिले शुद्धतावाद्यांचे. त्यांच्या मते विषय कळल्याक्षणी जे सुचेल तेच खरे, आधी योजलेले ते शिळे. आज्ञावली आधी लिहून आणणे गैर असेल, तर कल्पना आधी रचून आणणे गैर का नसावे? दुसरे मत व्यवहारवाद्यांचे. अठ्ठेचाळीस तासांतले पहिले सहा-सात तास नुसते 'काय करू' यात गेले, तर खेळ पुरा होत नाही. तेव्हा दोन-चार कल्पना पदरी असाव्यात आणि विषय कोणताही निघो, त्यातली एखादी त्याला जुळवून घ्यावी. मनातल्या विचारावर पहारा ठेवणे कोणत्याही परीक्षकाला शक्य नसल्यामुळे हा वाद नियमांनी सुटणारा नाही. तो वृत्तीचा वाद आहे.

माझे मत असे की दोन्ही पक्ष 'तयारी' या शब्दाचा एकच अर्थ गृहीत धरतात आणि म्हणूनच चुकतात.

आपल्याकडे दिलेल्या विषयावर दिलेल्या वेळी रचना करणे ही हौसेची बाब नव्हती, ती एक मान्यताप्राप्त विद्या होती. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत 'काव्यसमस्यापूरण' आहे. श्लोकाचा एक चरण द्यायचा, बहुधा असंबद्ध किंवा अशक्य वाटणारा, आणि उरलेले चरण रचून त्याला अर्थ प्राप्त करून द्यायचा. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्या सांगितली आहे. तीत भोजनोत्तर काव्यगोष्ठीच्या वेळी करायच्या गोष्टींत समस्येचा अभ्यासही येतो. म्हणजे ज्या गोष्टीचे सारे सौंदर्य तिच्या आयत्या वेळच्या असण्यात आहे, तिचा रोज सराव करावा असे हा आचार्य सांगतो. शुद्धतावाद्यांना हा विरोधाभास वाटेल. राजशेखराला तो वाटत नाही, कारण उद्या कोणता चरण येईल याचा अंदाज बांधणे हा त्या सरावाचा हेतूच नव्हे. कोणताही चरण आला तरी त्याच्या सांध्यात बोट घालता यावे, एवढ्यासाठी तो सराव.

तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत जिवंत राहिलेली अवधानाची परंपरा याहून बोलकी आहे. अष्टावधानात आठ पृच्छक अवधानी कवीला आलटून पालटून अडवतात. कोणी समस्या देतो, कोणी चार असंबद्ध शब्द देऊन ते श्लोकात गुंफायला सांगतो, कोणी मध्येच अवांतर गप्पा मारून एकाग्रता मोडू पाहतो. शतावधानी आर. गणेश यांच्यासारख्या विद्वानांनी कन्नडमध्ये ही परंपरा आपल्या काळात पुन्हा प्रतिष्ठित केली. यांतला 'निषिद्धाक्षरी' हा प्रकार आपल्या चर्चेच्या दृष्टीने मार्मिक आहे. कवी श्लोक रचू लागतो आणि पुढचे अक्षर कोणते येईल याचा अंदाज घेऊन पृच्छक तेच अक्षर निषिद्ध ठरवतो. कवीला वाट बदलावी लागते. पृच्छक पुन्हा अडवतो. येथे घरून रचून आणलेला श्लोक पहिल्या दोन-तीन अक्षरांतच मोडून पडतो. तयार उत्तर निकामी करण्याची सोय परंपरेने खेळाच्या नियमातच करून ठेवली आहे. परंतु त्याच वेळी हेही खरे की ज्याच्यापाशी शब्दांचा अफाट साठा, पर्यायांची सवय आणि छंदाची पक्की बैठक नाही, तो माणूस त्या आसनावर बसूच शकत नाही. म्हणजे तयार उत्तराला बंदी, आणि तयारीवाचून प्रवेश नाही. दोन्ही एकाच वेळी.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची कारणे सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन घटक मोजले आणि हे तीन हेतू नसून तिहींचा मिळून एकच हेतू आहे, असे वृत्तीत मुद्दाम स्पष्ट केले. एम. ए.च्या वर्गात हा एकवचनाचा मुद्दा आपण टिपणात लिहून देतो आणि पुढे जातो. वास्तविक आपला सगळा वाद त्या एकवचनापाशी मिटतो. शुद्धतावादी फक्त शक्तीवर भिस्त ठेवतो. व्यवहारवादी अभ्यासाला निपुणतेपासून तोडतो आणि मग अभ्यासाचे घोकंपट्टीत रूपांतर होते.

तयारी दोन प्रकारची असते. एक साठ्याची, दुसरी मशागतीची. साठ्याच्या तयारीत माणूस कोठारात माल भरून ठेवतो आणि गिऱ्हाईक कोणतेही येवो, त्याच्या गळ्यात त्यातलाच एखादा नग घालतो. मशागतीच्या तयारीत तो पाऊस येण्याआधी जमीन नांगरून, ढेकळे फोडून ठेवतो. पाऊस किती आणि कधी पडेल हे त्याच्या हातात नाही, पण पडलेले पाणी वाहून न जाता मुरावे एवढे त्याच्या हातात आहे. संभाव्य विषयांची यादी समोर असताना दोन्ही प्रकार करता येतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते सारखेच दिसतात. दोघेही वहीत काहीतरी खरडत बसलेले असतात.

दोहोंतला फरक उदाहरणांनीच कळेल. डिसेंबर २०१३ मधील 'लुडुम डारे'चा विषय होता 'तुम्हाला एकच मिळेल'. एक गोळी, एक जीव, एक संधी अशी उत्तरे यावर कोणालाही सुचतील. ती चुकीची नाहीत, पण ती विषयाच्या पृष्ठभागावरची आहेत. त्या फेरीत जन्मलेल्या 'टायटन सोल्स' या खेळात नायकापाशी एकच बाण आहे. एक घाव लागला की तो मरतो, आणि समोरच्या अजस्र शत्रूलाही मर्मी बसलेला एकच घाव पुरतो. परंतु बाण सोडला की तो पुन्हा उचलून आणावा लागतो आणि तोवर नायक निःशस्त्र असतो. 'एकच' या शब्दातला दुर्भिक्षाचा अर्थ सर्वांनी ओळखला होता. एकच असलेली वस्तू दूर गेल्यावर माणूस किती उघडा पडतो, हा अर्थ येथे खेळाच्या प्रत्येक क्षणात उतरला. हाच खेळ पुढे विस्तारून २०१५ साली प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण ऑगस्ट २०१२ चे. विषय होता 'उत्क्रांती'. हा विषय आधीच्या अनेक फेऱ्यांत मतदानाच्या यादीत येऊन मागे पडत आलेला होता. म्हणजे ज्यांना साठा करायचा होता त्यांना त्यासाठी वर्षे मिळाली होती. उत्क्रांती म्हटले की एकपेशीय जीवापासून वाढत जाणारा प्राणी, हे ठरलेले चित्र. निकोला कानास या फ्रेंच रचनाकाराने 'इव्होलँड'मध्ये काय केले? त्याने उत्क्रांती हा खेळाचा आशय न मानता खेळाच्या रूपाचे तत्त्व मानले. आरंभी पडदा रंगहीन आहे, हालचालही धड करता येत नाही. खेळाडू पेट्या उघडत जातो तसतसे हालचालीचे स्वातंत्र्य, रंग, आवाज अशा गोष्टी एकेक करून मिळत जातात. खेळता खेळता साहसी खेळांच्या प्रकाराचा इतिहासच डोळ्यांदेखत उलगडतो. आशयाच्या पातळीवरचा शब्द रूपाच्या पातळीवर वाचणे ही साहित्यसमीक्षेतली ओळखीची चाल आहे. येथे ती एका प्रोग्रामरने केली. हा कानास म्हणजे 'हॅक्स' ही प्रोग्रामिंगची भाषा रचणारा गृहस्थ. त्याची निपुणता त्या सप्ताहान्ताच्या कित्येक वर्षे आधीपासून जमत आली होती. अशी तयारी कोणत्या नियमाने बाद ठरवणार?

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे, कारण ते थेट व्याकरणाचे आहे. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय होता 'नॉट देअर', म्हणजे 'तेथे नाही'. अदृश्य वस्तू, हरवलेले माणूस, रिकामी जागा या कल्पना सहज येतात. फिनलंडच्या आर्वी तेइकारीचे लक्ष त्यातल्या 'नाही' या शब्दाकडे गेले. 'नाही' हा नुसता अभाव दाखवणारा शब्द नाही. तो विधानाला जोडता येणारा एक तार्किक कारक आहे. त्यातून 'बाबा इज यू' हा खेळ झाला. त्यात खेळाचे नियमच पटावर शब्दांच्या ठोकळ्यांनी वाक्यरूपात मांडलेले असतात. 'भिंत म्हणजे अडथळा' या वाक्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केला की भिंत अडवीनाशी होते. उद्देश्य आणि विधेय यांची जागा बदलली की जग बदलते. २०१९ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला हा खेळ मी भाषाविज्ञानाच्या वर्गात दाखवला, तेव्हा वाक्यविचारावरच्या माझ्या अनेक व्याख्यानांनी जे साधले नव्हते ते अर्ध्या तासात साधले, हे येथे नमूद करायला हवे.

या तिन्ही ठिकाणी सुचण्याच्या आधी एक वाचन झालेले आहे. दिलेला शब्द नीट वाचला गेला आहे. राजशेखराने प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन भेद केले. पहिली कवीची, दुसरी भावकाची, म्हणजे रसिकाची. आपण शिकवताना या दोघींना दोन स्वतंत्र माणसांच्या अंगी वाटून टाकतो. पण विषय दिलेल्या रचनेत रचनाकार हा प्रथम त्या विषयाचा भावक असतो. त्याची भावयित्री जागी झाली नाही, तर कारयित्रीला काम मिळत नाही. मग ती कोठारातला जुना माल बाहेर काढते. म्हणून यादी आणि घोषणा यांच्यामधल्या काळात करायचे काम वाचनाचे आहे. प्रत्येक विषयाखाली एक कल्पना लिहून ठेवण्यापेक्षा त्याचे चार-पाच अर्थ लिहावेत. वाच्यार्थ कोणता, लक्षणेने काय निघते, विरुद्ध बाजूने वाचले तर काय, हा शब्द क्रियापद मानला तर काय, तो खेळणाऱ्याला लागू केला तर काय आणि खेळाच्या नियमालाच लागू केला तर काय. माझ्या विद्यार्थ्याला मी अखेर हेच लिहून पाठवले. सोळा शब्दांपैकी सहा शब्दांवर, प्रत्येकी पाच-सहा ओळी. खेळ कोणता करावा याविषयी एक अक्षरही लिहिले नाही, कारण ते मला येत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हे सारे अनुभवी माणसांना ठीक. नवख्याला एखादी तयार कल्पना हाताशी असल्याने धीर येतो आणि तो निदान काही पुरे करतो. हा आक्षेप मला मान्य आहे. अपुऱ्या राहिलेल्या दहा उत्तम कल्पनांपेक्षा पुरी झालेली एक साधी कल्पना शिकणाऱ्याला अधिक शिकवते. परंतु तयार कल्पना ही चालायला शिकतानाची काठी आहे हे त्याला सांगितले गेले पाहिजे. आपण ते सांगत नाही, उलट काठीलाच बक्षीस देतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विषय हे तर निमित्त. चांगला खेळ झाला म्हणजे झाले, मग तो विषयाशी इमान राखो वा न राखो. 'लुडुम डारे'च्या मूल्यमापनात 'विषय' हा नावीन्य, रंजकता, चित्रे, ध्वनी अशा अनेक निकषांपैकी एक निकष होता, हे या मताला पोषकच. कोणी म्हणेल, कवितेच्या शीर्षकाला कविता कुठे बांधलेली असते? यावर मी एवढेच म्हणेन की दिलेला विषय हा दुसऱ्याचा शब्द असतो. तो आपण निवडलेला नसतो. तो वळवून आपल्या ठरलेल्या बोलण्याकडे नेणे म्हणजे समोरच्याचे बोलणे मध्येच तोडून आपली गोष्ट सुरू करणे. गोष्ट कितीही चांगली असली, तरी त्यात ऐकणे झालेले नसते. आणि जे आपल्याला आधी माहीत नव्हते ते आपल्याच तोंडून बाहेर पडण्याची जी एकमेव शक्यता असते, ती आपण स्वतःच्या हाताने बंद करतो.

हे मी उपदेशाच्या सुरात लिहीत असले, तरी त्याचा अधिकार मला फारसा नाही. तो का नाही ते सांगणे भाग आहे.

याच विद्यार्थ्याला, तो दुसऱ्या वर्षात असताना, मी आयत्या वेळच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार केले होते. तेव्हा मी नव्याने नोकरीला लागले होते आणि करंडक आणण्याची मला घाई होती. मी स्वतः महाविद्यालयात असताना जी युक्ती शिकले, तीच त्याला शिकवली. तीन भाषणे पाठ करायची; एक आईवर, एक पाण्यावर, एक माणुसकीवर. चिठ्ठीत कोणताही विषय येवो, पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला वळण देऊन या तिहींपैकी एका रस्त्याला आणायचे. चिठ्ठी निघाली 'कुलूप'. त्याने दुसऱ्याच वाक्यात 'घराचे खरे कुलूप म्हणजे आई' असे म्हणून गाडी रुळावर आणली. टाळ्या पडल्या. पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी 'उत्स्फूर्तता' या निकषाखाली त्याला सर्वाधिक गुण दिले होते.

गेल्या वर्षी स्पर्धा झाल्यावर त्याचा फोन आला. खेळ पुरा झाला होता, क्रमांक वगैरे काही आला नव्हता, पण तो खूश होता. बोलता बोलता तो म्हणाला, ''मॅडम, ती कुलपाची चिठ्ठी आठवते? माझे वडील तेव्हा एस. टी. स्टँडच्या बाहेर बसून किल्ल्या बनवून द्यायचे. कुलूप उघडं असताना त्याच्या आत काय असतं ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. आणि मी तिथं आईवर बोललो.''

तक्रारीच्या सुरात तो हे म्हणाला नाही. तो हसत होता. मला मात्र त्यानंतर बराच वेळ काही सुचले नाही. त्याचे वडील काय करतात हे मी त्या दोन वर्षांत कधी विचारलेच नव्हते. सबंध सभागृहात कुलूप या वस्तूविषयी बोलण्याचा खरा अधिकार असलेला तो एकच मुलगा होता. त्याच्यापाशी अशी सामग्री होती जी दुसऱ्या कोणापाशी नव्हती, आणि माझ्या तयारीने त्याला ती वापरू दिली नाही. विषय योगायोगाने त्याच्या दाराशी चालत आला होता. मी शिकवलेल्या युक्तीने त्याने त्याला दारातूनच परत पाठवले. करंडक आमच्या विभागाच्या कपाटात अजून आहे.

मला वाटते, साठ्याच्या तयारीवरचा खरा आक्षेप नैतिक नाही. ती फसवणूक आहे म्हणून ती वाईट, असे नव्हे. ती माणसाला स्वतःच्या अनुभवापासून तोडते म्हणून ती वाईट. दहावीच्या निबंधापासून एम. ए.च्या दीर्घोत्तरी प्रश्नापर्यंत आपण हेच करत आलो आहोत. अपेक्षित प्रश्नसंच, 'कोणत्याही कादंबरीला लागू पडेल' अशी प्रस्तावना, मुद्द्यांवरून कथा लिहिताना शेवटी ठेवणीतले तात्पर्य. आणि आता तर एखादा विषय यंत्राला दिला की ते क्षणात तयार निबंध हाती ठेवते. कोठारे भरून ठेवण्याचे कौशल्य माणसापाशी उरण्याचे कारणच संपत चालले आहे. अशा काळात विद्यार्थ्याला शिकवण्यासारखे जे उरते, ते म्हणजे दिलेल्या शब्दापाशी थांबणे आणि त्या शब्दाला आपल्या आयुष्यात कुठे जागा आहे हे शोधणे.

यासाठी काही करता येईल का? मराठी एकांकिकेच्या विश्वाला 'कल्पना एक, आविष्कार अनेक' या नावाची स्पर्धा परिचित आहे. एकच कल्पना सर्वांना देऊन तिचे निरनिराळे आविष्कार पाहायचे, हे तिचे तत्त्व नावातच आहे. अशा तत्त्वावर मराठी विभागांना आपल्या पातळीवर छोटी, अठ्ठेचाळीस तासांची कथालेखन स्पर्धा सहज भरवता येईल. खर्च जवळजवळ नाही. बारा शब्दांची यादी आठवडाभर आधी फलकावर लावावी आणि तयारीला पूर्ण मोकळीक द्यावी. फक्त कथेबरोबर प्रत्येकाने आपली वहीही द्यावी, बाराही शब्दांचे त्याने कोणते अर्थ शोधले ते दाखवणारी. गुण कथेला द्यावेत तसे वहीलाही. निषिद्धाक्षरीची आठवण ठेवून एक नियम आणखी करावा. घोषणेच्या वेळी शब्दाबरोबर एक मनाईही जाहीर करावी. 'पूल' हा शब्द निघाला तर 'नाते' हा शब्द आणि ती कल्पना कथेत चालणार नाही, असे. मग विद्यार्थ्याला पुलाखाली उतरावे लागेल, पाणी पाहावे लागेल, पुलाचे बांधकाम कोणी केले ते विचारावे लागेल.

अशा स्पर्धेत लगेच मोठे साहित्य निर्माण होईल असा माझा दावा नाही. गेम जॅममध्येही बहुसंख्य खेळ सोमवारी विसरले जातात. पण दोन दिवस एका परक्या शब्दाच्या सहवासात घालवलेला विद्यार्थी आणि तो शब्द टाळून बक्षीस घेऊन आलेला विद्यार्थी हे दोन निराळे वाचक होतात, आणि आपल्याला काम वाचकांशी आहे.

त्या सोळा शब्दांच्या यादीत 'कुलूप' नव्हते. ते असते तर मी त्याच्यासाठी काय टिपण लिहिले असते, याचा मी मधूनमधून विचार करते. बहुधा काही लिहिले नसते. ''तुझे वडील काय करायचे रे?'' एवढेच विचारले असते.